लवू पंखेवाला कायम होतो

लवू पिलणकर रत्नागिरीच्या एका सरकारी कचेरीत पंखा ओढायचा. कचेरी कुठली ते सांगत नाही. त्या काळी सगळ्या कचेऱ्यांना तीच कौलं, तीच धूळ आणि तसलाच पंखा असे. माझे मामा तिथे कागदांच्या नकला करणारे कारकून होते, म्हणून ही हकीकत मला घरबसल्या मिळाली. ती सुरू होते सन सव्वीस-सत्तावीसच्या सुमारास.

पंखा म्हणजे साहेबाच्या टेबलावर आढ्याला टांगलेली लांबलचक फळी आणि फळीला खाली कापडाची झालर. फळीला बांधलेली दोरी कप्पीवरून भिंतीतल्या भोकातून बाहेर पडवीत येई, आणि पडवीत दोरीच्या टोकाला लवू असे. त्याने ओढलं की आत वारा. लवू कधी हाताने ओढी, कधी पाठ टेकून अंगठ्याला दोरी अडकवून पायाने. झोप लागली तरी पाय थांबत नसे. थांबायचा तो जागेपणी, कुणी गप्पा मारायला आलं की. भिंतीपलीकडच्या साहेबाचं तोंड त्याने क्वचितच पाहिलेलं, पण खोकल्यावरून माणूस ओळखायचा. साहेबाची बदली होऊन नवा आला की लवू संध्याकाळी घरी सांगे, "ह्यो सुका खोकतो. तापट असणार."

नोकरी हंगामी. शिमगा आटपला की बोलावणं येई, आणि मिरगाचा पाऊस लागला की शिरस्तेदार आप्पा जोगळेकर पडवीत येऊन म्हणत, "लवू, उद्यापासून येऊ नको हो." आश्विनातल्या उन्हात पुन्हा थोडे दिवस काम, की परत रजा. मधल्या काळात लवू नारळ पाडी, होड्यांना तेल चोपडी, कुणाची जाळी विणून देई. मांडवीला त्याची लहानशी झोपडी होती, पुढे समुद्र होता, आणि त्याला स्वतःला कसलीच तक्रार नव्हती. तक्रार होती त्याच्या बायकोची, गंगुबाईची.

गंगुबाईची थोरली बहीण मथुरा. तिचा नवरा काशीराम त्याच कचेरीत पट्टेवाला होता, आणि कायम होता. त्याच्या छातीवर तांबडा पट्टा आणि पट्ट्यावर पितळी बिल्ला. सासुरवाडीला जेवायला बसतानासुद्धा तो पट्टा काढत नसे. सासरा वाढायला सांगताना आधी म्हणे, "आमच्या काशीरामाला भाकरी वाढा," आणि मग जरा थांबून, "लवूलाही."

"तुमी किती वर्षं दोरी ओढताव?" गंगुबाई विचारी.

"झाली की बरीच."

"काशीभावोजींच्या छातीवर बिल्ला हाय. तुमच्या छातीवर काय हाय? घाम!"

लवू म्हणे, "अगो, पंखेवाल्याला बिल्ला नसतो."

"नसतो कसा? ते काय चिठ्ठ्या पोचवतात, तर कायम. तुमी सरकारला वारा घालताव, तर हंगामी. न्याय हाय काय ह्यो?"

लवू उठून जाळं विणायला घेई. या प्रश्नाला खरं म्हणजे सरकारकडेही उत्तर नव्हतं.

एका वर्षी नवे साहेब आले ते नगरकडचे. कोरड्या मुलखातला माणूस. त्यांना रत्नागिरीच्या हवेचं काही केल्या जमेना. "इथं हवा पितात की श्वास घेतात?" असं त्यांनी आप्पांना विचारलं होतं म्हणतात. उन्हाळाभर त्यांनी लवूला दम घेऊ दिला नाही. मिरग आला, आप्पांनी शिरस्त्याप्रमाणे निरोप दिला, आणि लवू घरी गेला. पण आठवड्याने राहिलेला पगार घ्यायला तो कचेरीत गेला, तेव्हा त्याने भोकातून साहेबांची कुरकुर ऐकली. सह्या वाळत नव्हत्या. टीपकागदच ओला झालेला. तो सहीवर दाबला की सही कागदावरून उठून टीपकागदावर जाई, आणि मूळ कागदावर नुसता निळा डाग राही. वकिलांचे कोट खुंट्यांवर ठिबकत. साहेबांच्या पागोट्याला वास येऊ लागला होता.

लवूने हे घरी सहज सांगितलं. गंगुबाई मासळी साफ करत होती, ती थांबली.

"मग त्यांना वारा नको काय?"

"पावसात कसला वारा?"

"सुकवायला! मी कपडे कुठं वाळत घालते? वाऱ्यावर ना? उद्या जा आणि ओढा."

"बोलावला नसताना?"

"बोलावला नसताना कोण बाहेर काढतो ते बघू."

दुसऱ्या दिवशी लवू घोंगडी पांघरून पडवीत जाऊन बसला आणि दोरी ओढू लागला. आत एकदम वारा सुटला. टेबलावरचे चार कागद उडाले, पण पाचव्यावरची सही वाळली. साहेबांनी वर पाहिलं, मग सहीकडे पाहिलं, आणि पुढच्या कागदावर सही केली. तीही वाळली. तेवढ्यात आप्पा जोगळेकर धावत पडवीत आले.

"अरे लवू, हंगाम संपला ना!"

"होय आप्पा. मी आपला सवयीनं बसलो."

आतून साहेबांचा आवाज आला, "शिरस्तेदार, त्याला हात लावू नका!"

त्या पावसाळ्यात लवूने सरकारी दप्तर, दोन वकिलांचे कोट आणि साहेबांचं पागोटं एवढं सगळं वाळवलं. पावसाळा सरला तसा आश्विनाचा उकाडा आला, तोही गेला. आता थंडीत काय, अशी गंगुबाईला काळजी लागली. पण तिकडे मांडवीच्या वाळूवर बांगडे वाळत पडले, आणि वारा फिरला तसा तो वास थेट साहेबांच्या खोलीत जाऊ लागला. साहेब माळकरी. ते नाकाला रुमाल लावून बसले. लवूला कुणी काही सांगितलं नाही. त्याने आपणच दोरी आखूड धरली आणि झटक्याने ओढू लागला. त्यामुळे वास साहेबांच्या खोलीतून निघाला आणि मधल्या दारातून कारकुनांच्या खोलीत शिरला. मामा सांगत, "त्या हिवाळ्यात आम्ही नाकाला उपरणं बांधून नकला केल्या. लांबून कुणी पाहिलं असतं तर म्हणाला असता, कचेरीवर दरोडा पडलाय." कारकुनांनी आप्पांकडे गाऱ्हाणं नेलं. पण आप्पांची खुर्ची साहेबांच्या खोलीत होती, त्यामुळे त्यांना कसलाच वास येत नव्हता.

अशा रीतीने पंखा बाराही महिने लागतो हे सिद्ध झालं. साहेबांनी वर लिहिलं, की ही जागा हंगामी ठेवण्यात काही अर्थ नाही. वरून मंजुरी आली. कुणीतरी दुपारी पेंगत असताना ती दिली असावी, असं मामांचं मत.

कायम करायच्या आधी लवूला डॉक्टरांकडे तपासायला पाठवलं. डॉक्टरांनी त्याचे दोन्ही हात पुढे करायला लावले. उजवा दंड नारळाएवढा, डावा पोफळीसारखा सडसडीत. डॉक्टर हसून म्हणाले, "उजवा हात पर्मनंट, डावा टेंपररी. बरं, जा. पास."

बिल्ला आला त्या दिवशी गंगुबाईने ग्रामदेव भैरीला नारळ दिला. पट्टा लवूला मोठा होत होता, म्हणून तिने त्याला मागून टाका घातला. पाणी भरायला ती मुद्दाम लांबच्या विहिरीवर गेली, कारण जवळच्या विहिरीवर मथुरा भेटली असती आणि बातमी आधी चार जणींकडून तिला कळावी अशी गंगुबाईची इच्छा होती. ती कळली. मथुरा संध्याकाळी आली, बिल्ला हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "वाऱ्याचा माणूस कायम? वारा काय कायम असतो गो?"

"सरकारचा असतो," गंगुबाई म्हणाली.

पुढच्या वेळी सासुरवाडीला दोन्ही जावई पट्टे लावून बसले. सासऱ्याने आधी कुणाला वाढायला सांगावं या विचारात भाकऱ्या निवल्या.

हे सुख वर्षभर टिकलं. मग नगरकडचे साहेब बदलून गेले आणि त्यांच्या जागी आले ते देवगडचे. समुद्राकाठी वाढलेले. पहिल्याच थंडीत त्यांनी खिडकी सताड उघडली, छातीभरून श्वास घेतला आणि म्हणाले, "वा! बांगडा!" पंखा बंद करायला लावला. सह्या वाळवायला त्यांनी बारीक वाळूची डबी आणून ठेवली. आता लवूचं काय करायचं? आप्पांनी त्याला पडवीतून आत बोलावलं.

"लवू, हंगामी असतास तर येऊ नको म्हणालो असतो. पण तू पडलास कायम. कायम माणसाला काढता येत नाही."

लवू निर्धास्त होऊन पडवीकडे वळला.

"हलवता मात्र येतं," आप्पा पुढे म्हणाले. "दापोलीच्या कचेरीत एक कायम जागा रिकामी आहे. तुझी बदली झाली."

लवूने मांडवीच्या पलीकडे कधी रात्र काढली नव्हती. तो घरी येऊन ओट्यावर डोकं धरून बसला. गंगुबाईला मात्र पहिल्यांदा आनंदच झाला. बदली ही साहेब लोकांची होते. तिने सगळ्या आळीत सांगितलं, "आमची बदली झाली." मग घर शेजाऱ्यांवर टाकून, भांडीकुंडी बांधून दोघं बोटीने हर्णैला उतरली आणि तिथून बैलगाडीने घाट चढून दापोलीला गेली. गाडी जसजशी वर चढली तसतशी हवा गार होत गेली. गंगुबाईने पदर डोक्यावरून ओढून घेतला. लवू गाडीतून चहूकडे बघू लागला.

"अगो," तो म्हणाला, "इथं पंखा कशाला लागंल?"

पंखा नव्हताच. आढ्याला आकडासुद्धा नव्हता. कचेरी एका जुन्या बंगल्यात होती आणि भोवती सुरूची झाडं वाऱ्याने सूं सूं करत होती. तिथले मुख्य म्हणजे रावसाहेब, एक बारीक, सदा पडसं झालेले गृहस्थ. गळ्याला गळपट्टा, कानाला रुमाल, खिडक्या बंद. लवूने मुजरा केला.

"कोण तू?"

"कायम पंखेवाला, साहेब."

रावसाहेब त्याच्याकडे बघतच राहिले. "पंखे... आक्छी! अरे, दार लाव आधी!"

लवूला द्यायला काम नव्हतं. पाणी भरायला वेगळा माणूस होता, झाडायला वेगळा, चिठ्ठ्या पोचवायला दोन पट्टेवाले होते, आणि लवू जवळ आला की प्रत्येक जण आपलं काम छातीशी धरायचा. तो पडवीत स्टुलावर बसे. उजवा हात गप्प राहीना. आपणच पुढे-मागे, पुढे-मागे. येणाऱ्या पक्षकारांना वाटे, हा आपल्याला जवळ बोलावतोय. ते येऊन उभे राहत आणि विचारीत, "काय हुकूम?" लवू म्हणे, "काय नाय. हात हाय."

एक दिवस दुपारी बंगल्याच्या मागून पोर रडल्याचा आवाज आला. रावसाहेब तिथेच मागच्या बाजूला राहत. त्यांच्या बायकोला, कमळाताईंना, नुकताच मुलगा झाला होता. पोर झोपायला तयार नव्हतं आणि ताई पाळणा हलवून रडकुंडीला आलेल्या. लवू दाराशी जाऊन अदबीने म्हणाला, "बाईसाहेब, दोरी जरा माझ्याकडं द्या." त्याने पाळण्याची दोरी खिडकीतून बाहेर घेतली, पडवीत पाठ टेकली, दोरी अंगठ्याला लावली आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने पोर झोपलं, लवूही झोपला, आणि पाळणा हलत राहिला.

त्या दिवसापासून लवूला काम मिळालं. कमळाताई त्याला सोडीनात. शेजारच्या बायकाही पोरं आणू लागल्या. एक दोरी उजव्या पायाला, एक डाव्या पायाला. कचेरीत आलेला एक वकील म्हणाला, "पोरांची शाळा कधीपासून निघाली इथं?"

गंगुबाईला हे कळलं तेव्हा तिने चुलीवरचं भांडं खाली आपटलं.

"सरकारी पट्टा लावून पाळणे हलवताव?"

"झोपतात गो पोरं."

"नदीवर बायका मला काय म्हणतात ठाव हाय? पाळणेवाल्याची गंगू!"

पण तिचं खरं दुःख निराळं होतं, आणि ते तिला हळूहळू कळलं. दापोलीत लवू कायम असल्याचं कुणालाच कौतुक नव्हतं. तो कधी हंगामी होता हेच कुणाला माहीत नव्हतं. इथे त्याला पट्ट्यासकटच पाहिलेलं. मथुरा नव्हती, सासऱ्याच्या भाकऱ्या नव्हत्या, लांबची विहीर नव्हती. बिल्ला रोज घासून चकचकीत करायचा तो कुणासाठी? शिवाय मासळी मिळे ती हर्णैहून डोक्यावर येता येता दमलेली. एक दिवस तसला बांगडा समोर ठेवून दोघं जेवायला बसली, आणि कुणीच घास घेईना.

"मांडवीला आता बोटी लागत असतील," लवू म्हणाला.

गंगुबाई रडायला लागली. मग नाक पुसून म्हणाली, "उद्या जाऊन सांगा साहेबाला. म्हणावा, आमाला परत हंगामी करा."

लवू दुसऱ्या दिवशी रावसाहेबांसमोर उभा राहिला.

"साहेब, एक विनंती. मला परत हंगामी करा."

रावसाहेबांचं शिंकणं अर्ध्यावर थांबलं. "काय करू?"

"हंगामी. पूर्वी होतो तसा. रत्नागिरीला."

"अरे, हंगामीचा कायम होतो. कायमचा हंगामी होत नाही. तसा नियमच नाही!"

"मग कायम माणूस सुटतो कसा?"

"म्हातारा होऊन, नाहीतर मरून. नाहीतर राजीनामा देऊन. पण तो कोणी देत नाही."

लवूने विचार केला. म्हातारा व्हायला वेळ होता, मरायची तयारी नव्हती. "मग तो तिसरा द्या."

"मी नाही द्यायचा, तू द्यायचा!" रावसाहेब ओरडले. "लवू, बाहेर बघ जरा. मंदी आलीय. मॅट्रिक झालेले तरुण माझ्या दारात उभे असतात, कसलीही जागा द्या म्हणून. आणि तू कायमची नोकरी सोडतोस?"

"साहेब, त्यातल्या एकाला घ्या की. पाळणा मी शिकवीन."

ही बातमी दापोलीभर झाली. कायम माणूस आपण होऊन सुटतोय म्हटल्यावर लोक त्याला बघायला आले. एकाने त्याच्या डोक्याला हात लावून ताप आहे का पाहिलं. कमळाताईंनी पोर त्याच्या मांडीवर ठेवून डोळ्यांत पाणी आणलं, आणि तिथे मात्र लवू खरोखर डगमगला. त्या पोराचा त्याला लळा लागला होता. त्याने जाण्याआधी पाळण्याची दोरी बदलून नवी, मऊ काथ्याची वळून दिली आणि ताईंना पायाने ओढायला शिकवलं. त्या आधी लाजल्या. मग दार लावून शिकल्या.

शिमग्याच्या तोंडावर दोघं मांडवीला उतरली. मथुरा बंदरावर आली होती, पण ती काही बोलायच्या आधीच गंगुबाई म्हणाली, "सोडली. आमी सोडली. त्यांनी नाय काढला." मांडवीत तोवर कायमची नोकरी मिळालेले होते, न मिळालेलेही होते, मिळालेली सोडणारा कुणी नव्हता. मथुरेला ही गोष्ट कुठल्या मापाने मोजावी ते कळेना. ती त्यांचं गाठोडं उचलून पुढे चालू लागली.

संध्याकाळी काशीराम वाळूवर लवूच्या शेजारी येऊन बसला. पट्टा काढून मांडीवर ठेवलेला. लवूने त्याला पट्ट्याशिवाय पहिल्यांदाच पाहिलं.

"लवू, तुला भ्या नाय वाटला?"

"कसला?"

"सोडायला." काशीरामाने मांडीवरच्या बिल्ल्यावरून अंगठा फिरवला. "मला रोज वाटतं. साहेबाची भाजी मी आणतो, त्याच्या कुत्र्याला मी फिरवतो. तो थट्टा करतो ती मला कळत नाय, तरी मीच पहिला हसतो. का? तर बदली नको. तुझी झाली तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाय. माजी झाली तर मथुरा तिकडं एक दिवस राहणार नाय."

"मग सोड की."

"छ्या!" काशीराम दचकून उठला आणि त्याने घाईघाईने पट्टा चढवला. "कायम हाय मी!"

कचेरीत त्या उन्हाळ्यात देवगडच्या साहेबांनाही घाम फुटला होता. लवूच्या गैरहजेरीत आणलेला गडी दोरी अशी हिसके देऊन ओढी की झालर साहेबांच्या टोपीला लागे. आप्पा जोगळेकरांनी लवूला पडवीच्या पायरीवर पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"कायमची घालवून आलास ना?"

"होय आप्पा."

"आता हंगामीच मिळेल हो. मिरगाला जा म्हणेन."

"म्हणा की. मिरगाला मी जातोच."

आप्पांनी मामांना नंतर सांगितलं, की इतक्या वर्षांत नेमणूक घेताना असा खूश झालेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. लवूने दोरी हातात घेतली, आत साहेब खोकले, आणि लवू समाधानाने म्हणाला, "ओला खोकला. माणूस बरा हाय."

पुढे सरकारी खर्चात काटछाट आली, कचेऱ्यांतल्या बऱ्याच जागा गेल्या आणि काशीरामाच्या केसांत पांढरं दिसू लागलं; त्याची जागा वाचली, झोप मात्र गेली. लवूच्या जागेकडे कुणी पाहिलंच नाही. दरवर्षी ती आपणच बंद होत असे आणि आपणच उघडत असे.

गंगुबाईने मात्र एक धडा घेतला. पावसाळा सरून बोटी सुरू झाल्या, तशी तिने बंदराच्या तोंडाशी माडाच्या झापांचा मांडव घालून चहा आणि घावणे विकायला सुरुवात केली. उतारूंची झुंबड उडे. दोन-तीन वर्षांत मांडवाचं पक्कं खोपट झालं, आणि मथुरासुद्धा घावणे घालायला येऊ लागली. कचेरीतून मोकळा झाला की लवू तिथे कपबशा विसळी. एखादी फुटली की गंगुबाई त्याला ओरडे, "चला, उठा! तुमाला काढला!" लवू पटका झटकून उठे, बंदरावर एक चक्कर मारी, कुणाची होडी ओढायला हात लावी. पुढची बोट वळणावर दिसली की गंगुबाई पुन्हा हाक मारी, आणि तो येऊन बादलीपुढे बसे.